लॉन दाट, प्लाक शून्य: लॅम्डा फेज "मेला" म्हणण्याआधी होस्टचे जीन तपासा

परवा परत तोच मेसेज आला. "मॅडम, लायसेट मेलं वाटतं, तिसऱ्यांदा प्लेट टाकली, लॉन मस्त आलाय पण प्लाक एकही नाही." दरवर्षी प्रोजेक्टच्या सीझनला हा मेसेज कुणाचा ना कुणाचा येतोच, कधी एमएस्सीवाल्यांचा, कधी पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या पोरांचा, आणि बहुतेक वेळा तोवर त्यांनी दोनतीन बाटल्या चांगलं लायसेट ब्लीचमध्ये ओतून झालेलं असतं. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते. नवख्यांसाठी आधी शब्द: फेज म्हणजे बॅक्टेरियाला लागण करणारा व्हायरस, होस्ट म्हणजे तो ज्याच्यात वाढतो तो बॅक्टेरिया, लायसेट म्हणजे फेजने भरलेलं द्रव, लॉन म्हणजे प्लेटवर पसरलेला बॅक्टेरियाचा थर आणि प्लाक म्हणजे फेजने त्या थरात पाडलेलं साफ भोक. मी विचारलं, होस्ट कुठला? "तोच मॅडम, के-१२, मागच्या महिन्यात त्याच्यावर भरपूर प्लाक येत होते." आणि आत्ताचं कल्चर कशावरून लावलंस? याचं उत्तर यायला दोन दिवस लागले, ते शेवटी सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. लॅम्डाचा जीनोम ४८,५०२ बेस पेअरचा आहे, त्यात डोकं, शेपूट, पेशी फोडायची हत्यारं, स्वतःचे स्विच एवढं सगळं तो बरोबर घेऊन येतो, पण रायबोझोम त्याचा नाही, आरएनए पॉलिमरेज त्याचं नाही, डीएनए कॉपी करायची बहुतेक मशिनरी त्याची नाही. ते सगळं ई. कोलाय या होस्ट बॅक्टेरियाचं. त्याच्या के-१२ या लॅब स्ट्रेनमध्ये साधारण ४,३०० जीन आहेत आणि त्यातला नेमका एखादा बिघडला की बॅक्टेरिया मजेत वाढतो, लॉन देखणा येतो, आणि फेज अडकतो. म्हणजे प्लाक न येणं ही फेजची तक्रार असेलच असं नाही, बऱ्याचदा ती होस्टबद्दलची माहिती असते. मला तर हा सगळा विषय याचमुळे आवडतो, कारण पेशीच्या आतलं काय बिघडलंय हे फेज तुम्हाला न विचारता सांगतो.

तर पहिलं काम, काहीही ओतून टाकू नका. ज्या होस्टवर खात्रीने प्लाक येतात असा एक जुना होस्ट घ्या (ग्लिसरॉल स्टॉकवरून, म्हणजे गोठवून ठेवलेल्या मूळ कल्चरवरून ताजा काढलेला, फ्रिजमधल्या प्लेटवरचा नको), आणि तुमचा त्रास देणारा होस्ट घ्या, त्याच दिवशी, त्याच लायसेटची डायल्यूशन करून दोन्हींवर स्पॉट लावा, १०^-१ पासून १०^-७ पर्यंत. चांगल्या होस्टवरही काही आलं नाही तर मग लायसेट बघा, मॅग्नेशियम होतं का बफरमध्ये, डिस्टिल्ड वॉटरमध्ये डायल्यूट केलं का, क्लोरोफॉर्मचा थेंब टाकून ४ डिग्रीला ठेवलं होतं का, तो वेगळा विषय आहे आणि सोपा आहे. पण चांगल्या होस्टवर आले आणि दुसऱ्यावर नाही, तर फेज ठणठणीत आहे. इथून पुढचं सगळं होस्टबद्दल.

इथे एक फसवणूक होते ती आत्ताच सांगते. डायल्यूट न केलेला थेंब टाकला की कधीकधी त्या जागी लॉन विरळ किंवा साफ दिसतो आणि आपण वहीत लिहितो "इन्फेक्शन झालं". दरवेळी झालेलं नसतं. एकेका पेशीवर ढिगाने फेज चिकटले की पेशी नुसत्या त्या माऱ्याने फुटू शकते, आत एकही नवा फेज न बनता, शिवाय लायसेटमध्ये फेजखेरीज बाकी बरंच काही असतं. म्हणून थेंबाच्या जागचं साफ वर्तुळ मोजू नका, डायल्यूट करत गेल्यावर सुटे सुटे प्लाक दिसले तरच फेज वाढला म्हणायचं.

आता तुमच्या प्लेटवर नेमकं काय दिसतंय त्यावर पुढचा रस्ता ठरतो.

अजिबात काही नाही, कुठल्याच डायल्यूशनला नाही

सगळ्यात आधी दार बघा. लॅम्डा ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातल्या लॅम-बी नावाच्या प्रोटीनला चिकटतो. हे प्रोटीन बॅक्टेरियाने लॅम्डासाठी ठेवलेलं नाहीये, ते माल्टोज आणि त्याच्या लांब साखळ्या आत घ्यायचा रस्ता आहे, म्हणून माल्टोज असेल तेव्हा ते भरपूर बनतं आणि ग्लुकोज असेल तेव्हा बंद पडत जातं. आमच्याकडे एकदा पूर्ण दोन आठवडे यात गेले, दुसऱ्या प्रॅक्टिकलसाठी ग्लुकोज घालून केलेला ब्रॉथ ऑटोक्लेव्ह करून शेल्फवर ठेवला होता, लेबलवर फक्त "ब्रॉथ" लिहिलेलं, आम्ही त्यातच होस्ट वाढवत राहिलो आणि प्लाक कधी मोजके, कधी नाहीच. तेव्हा मला झालेला मनस्ताप आठवतो म्हणून सांगते, होस्ट नेहमी ०.२ टक्के माल्टोज आणि १० मिलिमोलर मॅग्नेशियम सल्फेट घातलेल्या ब्रॉथमध्ये वाढवा आणि बाटलीवर काय घातलंय ते सगळं लिहा.

मीडिया बरोबर असूनही काही येत नसेल तर जीनवर या. लॅम-बी जीन स्वतः गेलेला असू शकतो. किंवा माल-टी, म्हणजे माल्टोजचे सगळे जीन चालू करणारा स्विच गेलेला असू शकतो, तो गेला की लॅम-बी जीन शाबूत असूनही प्रोटीन बनत नाही. किंवा त्याच्याही वरचे साय-ए (सायक्लिक एएमपी बनवणारा) आणि सीआरपी (ते धरून जीन चालू करणारा), कारण सायक्लिक एएमपी नसेल तर माल-टी सुद्धा नीट चालत नाही. हे तिन्ही वेगळे करायला सिक्वेन्सिंगच लागतं असं नाही. मॅकॉन्की अगारवर पेशीने त्यातली साखर पचवली की कॉलनी गुलाबी होते, नाहीतर फिकट राहते. त्याचा लॅक्टोज नसलेला बेस घ्या, एका प्लेटमध्ये १ टक्का माल्टोज घाला, दुसरीत लॅक्टोज (होस्ट लॅक पॉझिटिव्ह, म्हणजे लॅक्टोज पचवणारा असेल तरच, लॅबमधल्या बऱ्याच स्ट्रेनमध्ये लॅक मुद्दाम मोडलेला असतो, त्यांना दुसरी एखादी साखर घ्या), आणि दोन्हीवर होस्ट स्ट्रीक करा. माल्टोजवर फिकट आणि लॅक्टोजवर गुलाबी, तर संशय माल-टी किंवा माल्टोजच्या जीनवर. दोन्हीकडे फिकट, तर साय-ए किंवा सीआरपीकडे बघा. दोन्हीकडे गुलाबी आली तर मात्र लॅम-बी सुटला असं समजू नका, कारण एवढ्या माल्टोजमध्ये लॅम-बी नसलेली पेशीसुद्धा बाकीच्या पोरिनमधून (बाहेरच्या आवरणातल्या भोकं असलेल्या प्रोटीनमधून) पुरेसं माल्टोज आत घेते आणि गुलाबी होते. हे लक्षात न घेतल्यामुळे लोक रिसेप्टर ठीक आहे म्हणून पुढे जातात आणि महिनाभर आतले जीन शोधत बसतात.

खात्री करायची तर ॲडसॉर्प्शन, म्हणजे फेज चिकटतो का ही टेस्ट करा, तासाभराचं काम आहे. होस्ट आणि थोडे फेज मिसळा, १५ मिनिटं ३७ ला ठेवा, सेंट्रिफ्यूज करा, वरच्या पाण्यातले सुटे फेज चांगल्या होस्टवर मोजा. जितके घातले तितकेच परत मिळाले तर चिकटलेच नाहीत, दार बंद आहे. बहुतेक गायब झाले तर चिकटलेत आणि अडचण पुढे कुठेतरी आहे. या एका टेस्टने निम्मी शक्यता कटते आणि तरी ती कुणी करत नाही, थेट पीसीआरला पळतात.

चिकटला पण आत गेला नाही असंही होतं. लॅम्डाचा डीएनए आतल्या पडद्यातून जायला मॅनोज आत घेणाऱ्या ट्रान्सपोर्टरचे मॅन-वाय आणि मॅन-झेड हे भाग लागतात. म्हणजे बाहेरचं दार माल्टोजचं आणि आतलं मॅनोजचं. मॅनोजवर न वाढणारा होस्ट आणि लॅम्डाचं बिनसलेलं असं एकत्र दिसलं तर इथे बघा.

आणि एक शक्यता अगदी साधी असते, तुमचा होस्ट आधीच लायसोजन आहे. आत लॅम्डा झोपलेला असेल तर त्याचा रिप्रेसर (फेजचे जीन बंद ठेवणारं प्रोटीन) बाहेरून येणाऱ्या दुसऱ्या लॅम्डालाही गप्प करतो. अशा वेळी लॅम्डा-व्हिर, म्हणजे रिप्रेसरला न जुमानणारा म्यूटंट, मिळाला तर टाकून बघा. साधा लॅम्डा येत नाही आणि व्हिर येतो, म्हणजे होस्टचे जीन बहुतेक ठीक आहेत, आत भाडेकरू आहे. एस्थर लेडरबर्ग यांना के-१२ मध्ये लॅम्डा सापडला तो असाच, मूळ के-१२ लायसोजनच होता आणि वर्षानुवर्षं लोक तो वापरत होते.

प्लाक येतात पण हजारो पटींनी कमी

चांगल्या होस्टवर एक कोटी आणि याच्यावर हजार, असं काही दिसलं तर बहुतेक वेळा ते रिस्ट्रिक्शन असतं. इथे फेजला लागणारा जीन गेलेला नाहीये, उलट होस्टकडे फेजचा डीएनए कापणारा जीन आहे. फेज ई. कोलाय सी या दुसऱ्या स्ट्रेनवर वाढवून के-१२ वर टाकला की असं होतं, कारण सी कडे के-१२ चा मिथाइल शिक्का मारायची सोय नाही आणि शिक्का नसलेला डीएनए के-१२ कापून टाकतो. १९५३ साली बर्टानी आणि वायगल यांनी लॅम्डावर हेच दाखवलं आणि पुढे रिस्ट्रिक्शन एन्झाइमचा सगळा धंदा त्यातून उभा राहिला.

टेस्ट इतकी सुंदर आहे की मी प्रत्येक बॅचला करायला लावते. जे मोजके प्लाक आलेत त्यातला एक टूथपिकने उचला, त्याच होस्टवर वाढवा, परत दोन्हींवर टाका. आता दोन्हीकडे सारखे येतील. मग तोच फेज परत सी वर एकदा वाढवून आणा. पुन्हा हजारो पटींनी पडला तर तो शिक्क्याचा खेळ होता, रिस्ट्रिक्शन. पडलाच नाही, कायमचा सुधारला, तर तो फेजचा म्यूटंट आहे आणि त्याने होस्टमधल्या एखाद्या अडचणीवर उपाय शोधलाय, त्याला फेकू नका, त्याच्याबद्दल खाली सांगते. डीएच५-आल्फासारख्या स्ट्रेनमध्ये एचएसडी-आर१७ असतो, म्हणजे कापणारी कात्री मोडलेली पण शिक्का मारणारा हात शाबूत, म्हणून त्याच्यावर वाढवलेला लॅम्डा के-१२ वर नीट चालतो. जीनोटाइपची ती लांबलचक ओळ लोक वाचतच नाहीत, पण अर्धी उत्तरं त्याच ओळीत असतात.

चिकटतो, आत जातो, कापलाही जात नाही, तरी प्लाक नाही किंवा टाचणीच्या टोकाएवढे

हा खरा भाग. फेज आत आहे आणि त्याला हवं ते मिळत नाहीये.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉस्टा जॉर्जोपोलस आणि इतर काही लोक हाच प्रॉब्लेम उलटा वापरत होते. ते लॅम्डाच्या हल्ल्यातून वाचलेले बॅक्टेरिया गोळा करायचे, त्यातले ज्यांना फेज चिकटतच नाही ते बाजूला काढायचे, आणि उरलेल्यांमध्ये फेज आत जाऊनही का अडतो ते बघायचे. त्यातून ग्रो-ई मिळाला. ग्रो म्हणजे फेजची ग्रोथ, आणि ई का, तर या होस्टवर मात करणारे जे लॅम्डा म्यूटंट मिळाले त्यांच्यातला बदल लॅम्डाच्या ई जीनमध्ये होता, जो डोक्याचं मुख्य प्रोटीन बनवतो. म्हणजे लॅम्डाचं डोकं नीट जुळायला होस्टचं ग्रो-ई-एल आणि ग्रो-ई-एस लागतं, ते बिघडलेलं असेल तर आत नुसता प्रोटीनचा गोळा होतो. आज ज्याला आपण शॅपरोनिन (बाकीच्या प्रोटीनांना नीट घडी घालायला मदत करणारं प्रोटीन) म्हणतो आणि प्रोटीन फोल्डिंगच्या लेक्चरला ज्याचं चित्र काढतो, ते जगाला सापडलं ते न आलेल्या प्लाकमुळे. म्हणून वर म्हटलं, सुधारलेला फेज म्यूटंट फेकू नका, त्याच्यातला बदल कुठे आहे ते बघितलं की होस्टच्या कुठल्या प्रोटीनशी त्याचं जमत नव्हतं ते कळतं.

डीएनए-के, डीएनए-जे आणि जीआरपी-ई हे तिघंही असेच लॅम्डामुळे ओळखीचे झाले. लॅम्डाचं पी प्रोटीन होस्टचं हेलिकेज, डीएनए-बी, पळवून आपल्या ओरिजिनवर (डीएनए कॉपी जिथून सुरू होते त्या जागी) आणून बसवतं, पण ते इतकं घट्ट धरून ठेवतं की हेलिकेज चालूच होत नाही, आणि पी ला तिथून सोडवायचं काम हे तीन शॅपरोन करतात. ते नसतील तर डीएनए कॉपी होत नाही. डीएनए-के किंवा डीएनए-जे काढलेले होस्ट जास्त तापमानाला स्वतःच नीट वाढत नाहीत, तेव्हा त्यांच्यावरची टेस्ट ३० डिग्रीला करा, नाहीतर फेजचा दोष आणि होस्टचा आजार यांची सरमिसळ होते.

तापमान बदलून बघणं ही स्वस्तातली तपासणी आहे. नस-ए१ म्यूटंटवर लॅम्डा ४२ ला वाढत नाही आणि कमी तापमानाला वाढतो, कारण लॅम्डाचं एन प्रोटीन पॉलिमरेजला टर्मिनेटर ओलांडायला लावतं ते नस प्रोटीनांच्या मदतीने. फक्त एक सांभाळा, तुमचा फेज सीआय८५७ (ज्याचा रिप्रेसर उष्णतेत निकामी होतो तो म्यूटंट) असेल तर ३० ला तो धूसर प्लाक देतो आणि वरच्या तापमानाला साफ, तो फरक फेजच्या रिप्रेसरचा आहे, होस्टचा नाही.

केइओ कलेक्शन, म्हणजे एकेक जीन काढलेल्या ई. कोलाय स्ट्रेनचा सेट, वापरणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. २००६ मध्ये आलेल्या या सेटमध्ये ३,९८५ जीन एकेक करून काढलेले आहेत, बीडब्ल्यू२५११३ या स्ट्रेनमध्ये, जीनच्या जागी कॅनामायसिनची कॅसेट. २०१० मध्ये या सेटवर लॅम्डा टाकून बघितला तेव्हा ५७ जीन असे निघाले की जे काढल्यावर लॅम्डाची वाढ अडते, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जीनचा लॅम्डाशी संबंध आधी कुणाला माहीत नव्हता. टीआरएनएवर सल्फर चढवणारे जीनसुद्धा त्यात होते, कुणाला सुचलं असतं? पण लक्षात घ्या, ज्या जीनशिवाय बॅक्टेरियाच जगत नाही ते या सेटमध्ये नाहीतच. ग्रो-ई-एल नाही, डीएनए-बी नाही, आरएनए पॉलिमरेज नाही. म्हणजे लॅम्डाच्या सगळ्यात मोठ्या गरजा या सेटमध्ये दिसणारच नाहीत, त्यासाठी तापमानाला संवेदनशील म्यूटंट नाहीतर क्रिस्परआयने (जीन न कापता दाबून ठेवायच्या पद्धतीने) अर्धवट दाबलेले जीन लागतात. "केइओमध्ये आला नाही म्हणजे गरज नाही" असं थिसिसमध्ये लिहू नका, व्हायव्हाला अडकाल.

केइओमध्ये आणखी एक गोची, बरेच नॉकआउट हळू वाढतात. प्लाक मोठा होतो तो लॉन वाढतोय तोवरच, लॉन थांबला की प्लाकही थांबतो, त्यामुळे हळू किंवा फार दाट लॉनवर प्लाकचा आकार बदलतो आणि त्याचा फेजच्या गरजेशी काही संबंध नसतो. आकारावरून निकाल देऊ नका. पेशींची संख्या सारखी करून टॉप अगार घाला, प्लाकची संख्या मोजा, आणि शंका असेल तर वन-स्टेप ग्रोथ (एका पेशीतून किती वेळात किती फेज निघतात ते) काढा. मग जीन खरंच गेलाय का ते पीसीआरने बघा, आणि प्लाझ्मिडवर तोच जीन परत देऊन प्लाक परत येतात का ते बघा. परत आले नाहीत तर जीनचं नाव घ्यायचं नाही, स्ट्रेनमध्ये दुसरंच काहीतरी बदललंय.

दुसऱ्या फेजवाल्यांचेही मेसेज येतात म्हणून थोडक्यात. टी७ असेल तर पहिल्यांदा एलपीएसचे (बाहेरच्या आवरणावरच्या साखर-चरबीच्या थराचे) जीन आणि ट्रक्स-ए (थायोरेडॉक्सिनचा जीन) बघा. टी७ चं स्वतःचं डीएनए पॉलिमरेज आहे पण होस्टचं थायोरेडॉक्सिन त्याला धरून बसलं नाही तर ते थोडंसं लिहून डीएनएवरून गळून पडतं. गंमत म्हणजे ट्रक्स-ए काढला तर ई. कोलायला फारसा फरक पडत नाही, टी७ मात्र संपतो. आणि टी७ एफ प्लाझ्मिडवाल्या (एफ हा डीएनएचा वेगळा गोल तुकडा असलेल्या) होस्टवर टाकताय का तेही बघा, एफ वरचा पिफ-ए जीन टी७ ला मध्येच मारतो. एम१३ किंवा एमएस२ चं बरोबर उलट, त्यांना एफ पायलसच (एफमुळे पेशीवर येणारा केसासारखा धागा) हवा, म्हणून डीएच५-आल्फावर ते कधीच येणार नाहीत, कितीही प्लेटा टाका. जेएम१०९, टीजी१ असे होस्ट वापरत असाल तर मिनिमल मीडियावर ठेवा, नाहीतर एफ हळूहळू गळतो, आणि इन्फेक्शन ३७ ला करा कारण थंडीत पायलस बनत नाही. फाय-एक्स १७४ ला ई. कोलाय सी लागतो, के-१२ चं एलपीएस त्याला चालत नाही. क्यू-बीटा तर होस्टची ईएफ-टीयू, ईएफ-टीएस आणि एस१ ही प्रोटीन बनवायच्या कामातली प्रोटीनं उचलून आपल्या रेप्लिकेजमध्येच (जीनोमची कॉपी करणाऱ्या एन्झाइममध्येच) बसवतो, चारपैकी एकच तुकडा त्याचा स्वतःचा.

होस्टवर दोनतीन वेगवेगळे फेज शेजारीशेजारी लावायची सवय ठेवा. लॅम्डा येत नाही पण फाय-८० येतो, तर आतलं बहुतेक ठीक आहे आणि लॅम्डाचं दार गेलंय, कारण फाय-८० लॅम्डाचाच भाऊबंद पण एफएचयू-ए या बाहेरच्या आवरणातल्या दुसऱ्या प्रोटीनमधून शिरतो. लॅम्डा येत नाही आणि टी४ येतो पण रिसेप्टर शाबूत आहे, तर ग्रो-ई-एस वर संशय घ्यायला हरकत नाही, कारण टी४ स्वतःचं जीपी३१ आणतो आणि ग्रो-ई-एसच्या जागी ते वापरतो (ग्रो-ई-एल मात्र त्यालाही होस्टचंच लागतं).

आता सुरुवातीला मेसेज पाठवणाऱ्या त्या मुलीचं. दोन दिवसांनी तिने वही काढून बघितली. जुनी प्लेट संपली होती म्हणून तिच्या शेजारच्या मुलाने होस्ट एका वापरलेल्या प्लेटवरून स्ट्रीक करून दिला होता, त्या प्लेटवर आधी लॅम्डाचा स्पॉट होता आणि साफ वर्तुळाच्या मधोमध चारपाच छान गोल कॉलनी उगवल्या होत्या. त्यातलीच एक त्याने उचलली, कारण ती सुटी आणि स्वच्छ दिसली. लॅम्डाच्या मधोमध जी वाढते ती लॅम्डातून वाचलेली असते. माल्टोज मॅकॉन्कीवर टाकली तर फिकट, लॅक्टोजवर गुलाबी. उणे ८० मधला मूळ स्टॉक त्याच प्लेटवर दोन्हीकडे गुलाबी. मूळ स्टॉकवर तेच "मेलेलं" लायसेट टाकलं आणि रात्री साडेदहाला तिने फोटो पाठवला, १०^-६ ला बेचाळीस प्लाक. ती फिकट कॉलनी मी तिला ग्लिसरॉलमध्ये ठेवायला सांगितलीये, लेबल लावून, पुढच्या बॅचला माल-टीचं प्रॅक्टिकल तिच्यावरच घेणार आहे.